रिकामा तलाव लवकर मोडतो

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीनच्या थोडं दक्षिणेला, स्टोनहेवन नावाचं छोटं गाव आहे. उन्हाळ्यातल्या काही बुधवारी तिथले लोक उघड्या तलावात थेट मध्यरात्रीपर्यंत पोहतात. बाहेर स्वेटर घालावा अशी हवा, शेजारी उत्तर समुद्र, आणि तलावातलं पाणी मात्र २९ अंश. पाणी त्या समुद्राचंच, फक्त गाळून आणि तापवून घेतलेलं. तलाव १९३४ च्या जूनमध्ये उघडला. लांबी ५० मीटर, रुंदी १८.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी हा तलाव उघडतो. त्याआधी तो धुऊन-पुसून, रंगवून तयार करणाऱ्यांत गावकरी असतात, बिनपगारी. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, तलाव बंद करायचं मनावर घेतलं होतं. तेव्हा लोक एकत्र आले आणि ‘फ्रेंड्स ऑफ स्टोनहेवन ओपन एअर पूल’ ही संस्था उभी राहिली. तलाव कौन्सिलचाच राहिला, जीवरक्षकही तिचेच. रंगरंगोटी, बाग आणि निधी गोळा करणं ‘फ्रेंड्स’कडे आलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जरा गोड-गोड वाटलं होतं. जीवरक्षकांचा पगार कौन्सिल देते, पंप कौन्सिलचा, मग चार लोकांनी शनिवारी ब्रश फिरवला म्हणून तलाव वाचला असं कसं म्हणायचं? पुढे इंग्लंडमध्ये राहताना अशाच एका जुन्या तलावावर दोन वर्षं तळाचा सुटलेला रंग खरवडायला गेलो. (त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्या थोड्या चहाड्या आहेत.) तिथे कळलं की मी प्रश्नच उलटा धरला होता. तलाव वापरून जितका झिजतो, त्यापेक्षा कितीतरी वेगाने तो बंद राहून मोडतो. स्वयंसेवकांची बहुतेक कामं, अगदी जाळीने पानं काढण्यापर्यंत, तो बंद पडू नये यासाठीच असतात. हे कसं, ते नीट समजून घ्यायचं तर आधी पाण्यात उतरावं लागेल.

त्याआधी थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये उघड्या सार्वजनिक तलावाला ‘लिडो’ म्हणतात. शब्द इटालियन, व्हेनिसजवळच्या लिडो बेटावरून आलेला. १९२० आणि ३० च्या दशकांत ऊन आणि मोकळी हवा हेच औषध, अशी तिकडे धारणा होती. नगरपालिकांनी एकमेकींशी चढाओढ करत तलाव बांधले. कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सचा ‘जुबिली पूल’ १९३५ चा. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ते नाव. तो त्रिकोणी आहे आणि त्याचं टोक समुद्रात घुसलंय. ब्रायटनजवळचा सॉल्टडीन १९३८ चा, जहाजाच्या डेकसारख्या गोलाईचा. पण सगळेच काही त्या काळातले नाहीत. लुइस गावातला पेल्स पूल १८६० साली बांधलेला आहे, झऱ्याच्या पाण्यावर चालतो आणि आजही तसाच गार असतो. बाथ शहरातला क्लीव्हलँड पूल्स तर १८१५ चा, म्हणजे आपल्याकडे पेशवाई अजून शिल्लक होती तेव्हाचा. त्याच्या जन्माची गोष्ट गमतीची आहे. लोक नदीत नागडे पोहतात म्हणून १८०१ च्या एका कायद्याने ते बंद केलं. मग पोहायचं कुठे? वर्गणी काढून नदीकाठीच तलाव बांधला.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त विमानप्रवास आला, लोक सुट्टीला स्पेनच्या उन्हात जाऊ लागले. नगरपालिकांनी छपराखालचे तलाव बांधले. उघडे तलाव वर्षातले जेमतेम चार महिने चालायचे आणि खर्च मात्र बारा महिने. इंग्लंडमध्ये पोहण्याचा तलाव चालवणं हे स्थानिक प्रशासनाचं कायदेशीर कर्तव्यही नाही. कचरा उचलावाच लागतो, तलाव नाही चालवला तरी चालतं. पैसे कमी पडले की कात्री कुठे लागणार, हे सांगायला नकोच.

आता बंद तलावाचं काय होतं ते पाहू.

आपल्याला वाटतं, पाणी काढलं की तलाव मोकळा, हलका, सुरक्षित. प्रत्यक्षात उलट असतं. ५० बाय १८ मीटरचा तलाव घ्या आणि सरासरी खोली दीड मीटर धरा. त्यात साडेतेरा लाख लिटर पाणी मावतं. वजन १३५० टन. हे वजन तळाला खाली दाबून धरतं. तळाखालच्या मातीतही पाणी असतं. पावसाळी हिवाळ्यात ते वर चढतं आणि तळाला खालून ढकलतं. भरलेला तलाव ते सोसतो. रिकामा तलाव म्हणजे मातीत रुतवलेली काँक्रीटची होडी. पातेलं पाण्यात दाबून धरा आणि हात सोडा, तसं होतं. तळ उचलला जातो, तडकतो, सांध्यांतून फाटतो. म्हणून असे तलाव हिवाळ्यात बहुधा भरलेलेच ठेवतात, हिरवं पाणी दिसलं तरी. मुद्दाम. आमच्या तलावाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं फिरायची आणि जवळून जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘बघा, किती दुर्लक्ष!’

दुसरी गोष्ट बर्फाची. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीटच्या बारीक भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, भेग रुंदावतं, दिवसा वितळून आणखी आत जातं, रात्री पुन्हा गोठतं. एका हिवाळ्यात हे कित्येकदा होतं. आपल्याकडे पिंपळाचं मूळ जे काम दहा वर्षांत करतं, ते तिथे थंडी दोन-तीन वर्षांत उरकते.

तिसरी गोष्ट, लोखंडी सळई. काँक्रीटच्या आत सळई सुरक्षित असते, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि सळईवर त्यामुळे एक संरक्षक थर धरतो. मीठ आत झिरपलं की हा थर तुटतो. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावाला हे दुखणं जन्मजात असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि वरचा पापुद्रा खपली निघावी तसा सुटतो. मुंबईत समुद्राकडच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता माझ्या खरवडणीवर येतो. एप्रिलमधला शनिवार. आधी दोन दिवस भूजलाची पातळी पाहून, हळूहळू पाणी सोडलेलं. तळाशी काळा, गुळगुळीत गाळ, त्यात कुजलेली पानं, केसांचे रबर, चष्म्याची एक काडी. तो रबरी फावड्याने लोटत खोल बाजूच्या जाळीकडे न्यायचा. मग पाण्याचा जोरदार फवारा. मग तळ सुकू द्यायचा, आणि हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, कारण इंग्लंडमध्ये एप्रिलात काहीही वाळत नाही. शेवटी हातात एक पत्र्याची खरवडणी देतात आणि गुडघ्याखाली ठेवायला स्पंजचा तुकडा. निळ्या रंगाचे पोपडे निघतात त्या जागा शोधायच्या. घट्ट असलेल्या रंगाला हात लावायचा नाही. सैल तेवढं काढायचं.

माझ्या वाट्याच्या पट्ट्यात रुपयाएवढा एक फुगा होता. खरवडणीचं टोक लावताच तो फुटला आणि आतून तपकिरी पाण्याचा एक थेंब आला. मी ब्रश उचलला. शेजारच्या सत्तरीतल्या बाई म्हणाल्या, ‘थांबा, त्यावर रंग नको.’ त्यांनी एप्रनच्या खिशातून खडू काढला, त्या जागेभोवती गोल काढला, आत तारीख लिहिली आणि वहीत नोंद केली: उथळ बाजूपासून किती पावलं, डाव्या भिंतीपासून किती. तपकिरी पाणी म्हणजे खाली सळई गंजायला लागली आहे. मागच्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर कळतं की गंज पसरतोय की तिथेच आहे. अशी वही त्या तलावावर बरीच वर्षं चालू होती.

इंजिनिअर येतो तो काही वर्षांतून एकदा, आणि त्याची फी घसघशीत असते. रंगवणारे मात्र दर वर्षी तळाच्या प्रत्येक वितीवरून हात फिरवतात. रंग म्हणजे खरं तर तपासणीचं निमित्त. जिथे हे काम ठेकेदाराकडे गेलं, तिथे तो यंत्राने सरसकट रंग मारून दोन दिवसांत मोकळा होतो आणि तो तपकिरी थेंब रंगाखाली गाडला जातो. सगळे ठेकेदार असे असतात असं नाही. पण त्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात, फुग्याप्रमाणे नाही.

आता पाणी. क्लोरीन टाकला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. क्लोरीनचं रसायन पाण्यात गेलं की त्याची दोन रूपं होतात. एक जंतू झपाट्याने मारतं, दुसरं फारच संथ असतं. कोणतं किती, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर, ठरतं. पीएच ७.२ च्या आसपास असेल तर साधारण दोन-तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो. ८ वर गेला तर जेमतेम पाव. म्हणजे डबा तोच, पैसे तेच आणि काम निम्म्याहूनही कमी. म्हणून तलावावरचा माणूस दिवसातून अनेकदा काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग पाहताना दिसतो. आणि आपण ज्याला ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो तो शुद्ध क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळे. वास फार येत असेल तर क्लोरीन जास्त झालाय असं समजू नका. बऱ्याचदा तो कमी पडलेला असतो. आंघोळ करून पाण्यात उतरा, ही पाटी शिष्टाचाराची नाही, ती रसायनशास्त्राची आहे.

उघड्या तलावाला आणखी दोन शत्रू. एक ऊन: अतिनील किरण क्लोरीन फोडतात, भर उन्हात तासाभरात निम्मा उडून जाऊ शकतो. दुसरा शत्रू म्हणजे झाडाचं पान. पान कुजताना क्लोरीन खातं, म्हणजे तो जंतूंसाठी उरत नाही. म्हणून सकाळी सहाला लांब दांड्याची जाळी घेऊन पानं काढणारे आजोबा दिसले तर ते क्लोरीनचं बिल कमी करताहेत असं समजा. वाळूच्या गाळणीवरचा भारही हलका होतो. ही गाळणी म्हणजे वाळूने भरलेली मोठी टाकी. पाणी वरून खाली जातं, मळ वाळूत अडकतो. मग ठराविक काळाने प्रवाह उलटा फिरवून वाळू धुवावी लागते, त्याला बॅकवॉश म्हणतात. प्रत्येक बॅकवॉशमध्ये तापवलेलं, शुद्ध केलेलं पाणी गटारात जातं. पानं कमी, तर बॅकवॉश कमी, तर इंधन कमी.

इंधनाचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट ऊर्जा लागते. आपल्या १३५० घनमीटरच्या तलावाचं पाणी १२ अंशांवरून २९ वर न्यायचं तर सुमारे २६,६०० युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला ही ऊर्जा बावीस वर्षं पुरेल. आणि ही फक्त सुरुवात, कारण उघड्या तलावाची उष्णता रात्रंदिवस निघून जात असते. ती सर्वांत जास्त जाते बाष्पीभवनाने. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की मागे राहिलेलं जवळपास ५८० लिटर पाणी एका अंशाने थंड होतं. स्टोनहेवनच्या पाण्यावरची ती रात्रीची सुंदर वाफ म्हणजे उडून जाणारे पैसे आहेत. म्हणून शेवटचा माणूस बाहेर आला की तलावावर पांघरूण ओढायचं असतं. हे काम जड, ओलं आणि रात्रीचं. दोघांनी होत नाही, सहा जण लागतात. आमच्या तलावावर एका वर्षी या पाळीला माणसं मिळेनात, तेव्हा पंधरा दिवस पांघरूण गुंडाळलेलंच राहिलं. त्या महिन्याचं गॅसचं बिल ऑफिसच्या दारावर कोणीतरी मुद्दाम चिकटवून ठेवलं होतं. पाळीची यादी दुसऱ्या दिवशी भरली.

पेन्झान्सने या प्रश्नाला वेगळं उत्तर शोधलं. कॉर्नवॉलचा खडक पोटात गरम आहे. तिथे ४०० मीटरहून खोल विहीर खणून जमिनीच्या उष्णतेवर तलावाचा एक भाग तापवला, आणि तो २०२० मध्ये खुला झाला. बाकीचा तलाव समुद्रासारखाच थंड ठेवलाय. ज्याला जे झेपेल ते.

हे सगळं स्वयंसेवकांनी करायचं का? नाही, आणि इथेच बरेच उत्साही गट ठेच खातात. जीवरक्षक प्रशिक्षित हवा, आणि त्याचं प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं. ‘मी कृष्णेच्या पुरात पोहलोय’ हे तिथे चालत नाही. (मी म्हणून पाहिलं.) रसायनांच्या खोलीत तर पाऊलही टाकू देत नाहीत. पीएच खाली आणायला आम्ल वापरतात आणि जंतू मारायला हायपोक्लोराइट. चुकून दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून हे डबे वेगवेगळ्या कुलपांत, दोन वेगळ्या किल्ल्यांखाली. पगारी माणूस कुठे हवाच आणि बिनपगारी कुठे चालतो, ही रेघ ज्या तलावांनी पहिल्या दिवशी आखली ते निभावले.

जुन्या वास्तूचं म्हणून आणखी एक पथ्य असतं. यातले बरेच तलाव कायद्याने संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. फरशी बदलायची, कठडा हलवायचा, कपडे बदलायच्या खोल्यांची दारं नवी करायची, तर परवानगी लागते. हे जाचक वाटतं, पण त्यामागे अनुभव आहे. जुनं दगडी बांधकाम चुन्यात असतं. चुना मऊ, तो ओल बाहेर सोडतो. त्यावर कोणी चांगुलपणाने सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि सिमेंटऐवजी दगडच झडायला लागतो. आपल्याकडे बारवा साफ करणारे तरुण गट आता गावोगाव दिसतात. गाळ उपसतात, झाडोरा काढतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. त्यांतल्या जाणत्यांचं पहिलं सांगणं हेच असतं की दरजांत सिमेंट भरू नका. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून मुलं पोहायला शिकली ती अशाच विहिरींत. तेव्हा ही गोष्ट आपल्याला काही फार परकी नाही.

मग कौन्सिल हात वर करते तेव्हा तलाव लोकांकडे येतो कसा? २०११ च्या एका कायद्याने इंग्लंडमधले गावकरी एखादी जागा ‘समाजाच्या दृष्टीने मोलाची’ म्हणून नोंदवून घेऊ शकतात. अशी जागा विकायला निघाली तर सहा महिने थांबून लोकांना पैसे जमवायची संधी द्यावी लागते. पुष्कळांचा समज होतो की मग जागा आपल्यालाच मिळणार. तसं नाही. सहा महिन्यांनंतर मालक कोणालाही विकू शकतो. कायदा फक्त श्वास घ्यायला वेळ देतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दीर्घ मुदतीचा भाडेकरार होतो, भाडं नाममात्र, आणि करारात एक कलम असतं: सगळी दुरुस्ती आणि विमा भाडेकरूचा. सह्या करताना लोकांच्या डोळ्यांत पाणी असतं, आनंदाचं. ते कलम काय आहे हे पहिल्या मोठ्या गळतीला कळतं. दुरुस्ती कोणाची, या भांडणाची गंमत मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही.

पैसे उभारायचा एक मार्ग मात्र मला अगदी घरचा वाटला. पेन्झान्सच्या त्या तापवलेल्या भागासाठी तिथल्या संस्थेने लोकांना भाग, म्हणजे शेअर, विकले आणि त्यातून पाच लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. ही संस्था सहकारी कायद्याखालची. कोणी शंभर पौंडांचे भाग घेतले काय किंवा दहा हजारांचे घेतले काय, मत एकच. भाग बाजारात विकता येत नाहीत, त्यांची किंमत चढत नाही. संस्थेला परवडेल तेव्हा घातले तेवढेच परत. आणि तलाव विकून सभासदांनी पैसे वाटून घ्यायचे नाहीत, याला कायद्याचं कुलूप. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सुरू केलेल्या दुकानापासून ही रीत रुळली आणि १९०४ च्या कायद्याने आपल्याकडे आली. साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत बसलेल्या माणसाला पेन्झान्सच्या सभेत फारसं परकं वाटणार नाही. चहा मात्र आपला जास्त चांगला.

अनुदानं देणाऱ्यांची एक खोड आहे. त्यांना इमारतीसाठी पैसे द्यायला आवडतं, फीत कापता येते. पंपाच्या वार्षिक देखभालीसाठी कोणी फीत कापत नाही. स्वयंसेवकांचे तास इथेही उपयोगी पडतात. वारसा-निधीच्या अर्जांत त्या तासांची किंमत संस्थेचा वाटा म्हणून दाखवता येते. म्हणून शनिवारी आल्या-आल्या हजेरीवहीत सही करायची, वेळ टाकायची. मला पहिल्यांदा ते शाळेसारखं वाटलं होतं.

एवढं सगळं करूनही निसर्ग कधी कधी ऐकत नाही. पेन्झान्सचा तलाव २०१४ च्या फेब्रुवारीतल्या वादळांनी फोडला आणि तो २०१६ पर्यंत बंद राहिला. बाथची गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. क्लीव्हलँड पूल्स १९८४ मध्ये बंद झाला. मधे काही काळ तिथे मासेही पाळले. २००४ मध्ये लोकांनी न्यास स्थापन केला, जवळजवळ वीस वर्षं खेटे घातले, ९३ लाख पौंडांच्या आसपास खर्च झाला, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तलाव पुन्हा उघडला. चार महिने झाले नाहीत तोच जानेवारीत ॲव्हन नदीला पूर आला, पंपघरात पाणी शिरलं आणि पुन्हा कुलूप. तो आकडा बघून मला सारखं वाटतं, १९८४ मध्ये तो कसाबसा का होईना, चालू राहिला असता तर? चाळीस वर्षांच्या कुलपाची किंमत त्यात किती आहे, हे कोणालाच वेगळं काढून दाखवता येणार नाही. ग्लासगोमधल्या गव्हनहिलच्या लोकांना हे आधीच कळलं होतं. १९१७ चं त्यांचं स्नानगृह २००१ मध्ये बंद होणार म्हटल्यावर ते इमारतीत जाऊन बसले ते १४० दिवसांहून जास्त काळ उठले नाहीत. तरी ते बंद झालंच, आणि पुढची वीसेक वर्षं ती इमारत सावरण्यात गेली.

एक आक्षेप मलाही पटतो. लोक फुकट राबतात म्हणून प्रशासन आपली जबाबदारी झटकतं. जिथे निवृत्त लोक आहेत, हिशेब तपासणारा एखादा सीए आहे, मोठे अर्ज लिहू शकणारी मास्तरीण आहे, तिथला तलाव वाचतो. जिथे लोक दोन-दोन पाळ्या करतात तिथला बुजतो. श्रमदानाला शनिवार मोकळा लागतो, आणि तो सगळ्यांकडे नसतो. स्टोनहेवनसारखी भागीदारी, म्हणजे पगारी माणसं सरकारची आणि वरची हौस गावाची, मला म्हणूनच सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळा तलाव गावाच्या डोक्यावर देऊन मोकळं होण्यात बचत कमी आणि पळवाट जास्त आहे.

माझ्या पहिल्या शनिवारी त्या खडूवाल्या बाईंनी एक कागद भरायला दिला होता. ‘तुम्हाला काय येतं?’ खाली चौकटी: रंगकाम, बागकाम, नळदुरुस्ती, तिकीटखिडकी, पांघरूण, हिशेब. मी रंगकामावर खूण केली. बाईंनी कागद पाहिला, चष्मा वर सरकवला. ‘रंगाला बावीस जण आहेत. हिशेबाला तीन वर्षांत कोणी आलं नाही. पूर्वीचे खजिनदार गेले, तेव्हापासून मीच ओढतेय.’ मी म्हटलं, मला फक्त घरातल्या खर्चाची वही ठेवता येते. त्यांनी हातात खरवडणी दिली आणि कागदावर हिशेबाच्या चौकटीत स्वतःच एक बारीकशी खूण केली, पेन्सिलने.